दाराकडे वळवलेला टीव्ही

कल्याणी ओव्हाळ यांनी निवृत्तीनंतर कॅराव्हॅन का घेतली, याची बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत बरीच कारणं सांगितली जात. कुणी म्हणे, लग्न केलं नाही, उमेदीची सगळी वर्षं आईच्या दुखण्यात गेली, आता बाईंना जग बघायचंय. कुणी म्हणे, पेन्शन येतेय, खाणारं कुणी नाही, मग माणसाला असलंच काहीतरी सुचतं. खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ते अगदी साधं होतं. बाईंना दुसरीकडचा संडास चालत नसे.

कोषागारातली नोकरी. तपासणीसाठी तालुक्यांच्या गावी जावं लागे. सातारा, सांगली, सोलापूर, जिथं बदली होईल तिथले सगळे तालुके बाईंनी पालथे घातले होते आणि त्यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं. विश्रामगृहातून कचेरीत आणि कचेरीतून विश्रामगृहात. तिथली ती ओली मोरी, ती कुणाकुणाच्या अंगाखालून आलेली चादर! बाई रात्रभर खुर्चीत बसून काढत आणि सकाळी पहिल्या गाडीने पुढचं गाव गाठत. किल्ला होता म्हणे, तलाव होता म्हणे, देऊळ फार जुनं होतं म्हणे. निवृत्त झाल्यावर आणि आई गेल्यावर त्यांच्या मनाने घेतलं की ती सगळी गावं आता एकदा डोळ्यांनी बघायची, पण आपला संडास बरोबर घेऊन.

मार्केट यार्डाच्या पलीकडे एका गॅरेजात त्यांनी शाळेची जुनी मिनीबस फिरत्या घरासारखी करून घेतली. झोपायला पलंग, समोर एक बाक, छोटा ओटा, मागे स्वच्छ न्हाणीघर. गॅरेजवाला म्हणाला, टीव्हीसाठी जागा ठेवतो, हवा तसा वळणारा स्टँड बसवून देतो. बाई म्हणाल्या, मी बाहेरचं बघायला चाललेय, आत बसून टीव्ही बघायचा तर बिबवेवाडी काय वाईट आहे. त्यावर त्याने विचारलं, दिवसभर बघाल हो मॅडम, संध्याकाळी काय कराल? टीव्ही बसला.

आता बाईंच्या बोलण्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या बोलण्यामुळेच घडलं. ओव्हाळ मॅडमची जीभ अख्ख्या कोषागारात प्रसिद्ध होती. शिपाई उशिरा आला की त्या म्हणत, "आलात? मला वाटलं, आता एकदम उद्याच भेटू." सोसायटीत कुणी त्यांच्या दारात स्कूटर आडवी लावली की शांतपणे सांगत, "छान लावलीय. आता माझं घर कुठं हलवू तेवढं सांगा." हे त्या रागाने बोलत नसत. उलट ज्या माणसाशी त्या असं बोलत तो माणूस त्यांना आवडलेला असे. नावडत्या माणसाशी बाई फार गोड बोलत. हे गणित त्यांच्या आईला माहीत होतं. बाकीच्यांना कसं कळावं?

गाडी चालवायला हिंदुराव मिळाले. मूळचे पुरंदरातले, पन्नाशीच्या आसपासचे, अंगाने दांडगे आणि आवाजाने मऊ. वीसेक वर्षं खासगी बसवर काढलेली, आता स्वारगेटजवळ इतर ड्रायव्हरांबरोबर उभे राहून मिळेल ती ट्रिप घ्यायचे. बाईंनी त्यांना निवडलं ते एवढ्यासाठी की बाकीचे चौघं एकदम बोलत होते आणि हे गप्प होते. ठरलं असं की जेवणाचं ज्याने त्याने बघायचं, रात्री ते पुढच्या सीटवर झोपणार, आणि पुढच्या भागाला आणि मागच्या घराला मधे प्लायवूडचं दार राहणार. दाराची कडी मागच्या बाजूला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सिनेमे निकिताने भरून दिले. निकिता ही बाईंच्या भावाची मुलगी, खराडीला एका कंपनीत होती. तिने एका हार्ड डिस्कच्या डबीत मावतील तेवढे सिनेमे आणि मालिका घालून दिल्या आणि म्हणाली, "आत्या, रेंज नसली तरी चालेल, पण हे एवढं सगळं तू एकटी बघणार? बोअर नाही का होणार?" बाई म्हणाल्या, एकटी कशी, त्या सिनेमात बरीच माणसं असतात की. निकिता हसली, तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं.

पहिली ट्रिप भोरची. भाटघरच्या पाण्याच्या कडेला गाडी लावली, बाईंनी भाकरी-पिठलं केलं, दार लावून घेतलं आणि सिनेमा सुरू केला. विनोदी होता. एका जागी त्या खुदकन हसल्या आणि सवयीने त्यांची मान डावीकडे वळली. घरी डावीकडे आईची आरामखुर्ची असे. सिनेमा बघताना माणूस हसला की शेजारी बघतोच, आपल्याला हसू आलं ते बरोबर होतं ना, याची जणू खात्री करून घेतो. डावीकडे गॅसची शेगडी होती. बाईंनी मान सरळ केली आणि उरलेला सिनेमा हसू येईल तिथं ओठ मिटून बघितला. आई गेल्यापासून दोन वर्षांत त्या रडल्या नव्हत्या असं नाही, पण आई नाही हे त्या दिवशी शेगडीकडे बघून जसं कळलं, तसं कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या ट्रिपला उकाडा होता म्हणून दार उघडं राहिलं. सिनेमा रंगात आला होता आणि एकदम बाहेरून कुणीतरी हसलं. बाईंनी वाकून पाहिलं तर हिंदुराव. दारासमोर थोडं लांब एका दगडावर बसले होते आणि तिरके होऊन, मान लांब करून, दिसेल तेवढा अर्धा पडदा बघत होते. नजरानजर होताच ते उठले, टायरला लाथ मारून हवा बघितल्यासारखं केलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी टीव्हीचा स्टँड दाराकडे वळवला. "सरळ बघून मान दुखते," असं मोठ्याने म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. दार सताड उघडं ठेवलं, आवाज दोन घरं वाढवला आणि स्वतः पलंगाच्या टोकाला सरकून बसल्या. तिथून पडदा वाकडा दिसत होता, पण हिंदुरावांना पूर्ण दिसत होता. थोड्या वेळाने बाहेर घडीची खुर्ची उघडल्याचा आवाज आला.

मग तसंच होऊ लागलं. हिवाळाभर ते फिरले. फलटण, करमाळा, जुन्नर. दिवसा बाई गाव बघत आणि खरं सांगायचं तर गावात त्यांचं फारसं लक्ष नसे. किल्ले पडके होते आणि तलावात जलपर्णी होती. त्या संध्याकाळची वाट बघत. आज कुठला लावायचा याचा विचार दुपारपासून चाले. हिंदुरावांना मारामारी आवडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मारामारी आली की ते विडी ओढायला उठत. आई-मुलाच्या ताटातुटीला ते नाक ओढत. बाईंना असले रडके सिनेमे मुळीच सोसत नसत, तरी त्या लावत आणि पलंगावर बसून बाहेरून नाक ओढल्याचा आवाज येतो का, ते ऐकत. आणि विनोदी असला तर मग बघायलाच नको. त्या माणसाचं हसणं पोटातून यायचं, आधी खुर्ची करकरायची, मग आवाज फुटायचा. तो आवाज आला की बाई हसत. मान वळवायची गरजच उरली नव्हती. दिवसा मधल्या प्लायवूडच्या दाराची कडीही त्या आता लावत नव्हत्या.

एकदा घाट उतरताना हिंदुराव पुढून आपणहून म्हणाले, "कालचा त्यो मामा लई इब्लिस हाय बगा." आणि स्टिअरिंगवर एकटेच हसले. बाई मागे कोथिंबीर निवडत होत्या. तो दिवस त्यांचा फार चांगला गेला.

शिमग्याच्या थोडं आधी ते उजनीच्या पाण्याजवळ मुक्कामाला होते. सिनेमातला एक पाहुणा लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या टोपीखाली लपवतो आणि नवरीच्या बापाशी गंभीर बोलत असताना पाक त्याच्या कपाळावरून ओघळायला लागतो. बाप विचारतो, फार घाम येतोय का तुम्हाला? तो म्हणतो, हो ना, गोड माणसांत आलो की येतो. बाहेर खुर्ची करकरली, मग ती जवळजवळ मोडलीच आणि हिंदुराव असे हसले की पाण्यावरचे बगळे उडाले. मांडीवर थापा मारत, डोळे पुसत, पुन्हा पुन्हा.

बाईंना इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना. काहीतरी बोलावं, आपल्यालाही मजा आली हे या माणसाला सांगावं, असं त्यांना आतून वाटलं. इतक्या महिन्यांत सिनेमाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते असं:

"बरं झालं तुम्ही हसलात, हिंदुराव. टीव्हीचा आवाज जरा कमीच पडत होता."

बाहेर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग हिंदुराव म्हणाले, "चुकलं, मॅडम."

बाईंना वाटलं, हेही आपल्याच चालीवर बोलले. त्या खूश होऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारासमोर खुर्ची नव्हती. बाईंनी सिनेमा लावला, थोडा वेळ वाट पाहिली, मग उतरून बघितलं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला, पाण्याकडे तोंड करून हिंदुराव बसले होते. बाई म्हणाल्या, आज त्या बाजूला वारं चांगलं आहे. हिंदुराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हितं बरं हाय, मॅडम. तुमास्नी तरास नगं." बाई आत आल्या. आवाज वाढवला. स्टँड आणखी बाहेर ओढला, इतका की टीव्ही दारातून डोकावायला लागला. रिकाम्या माळासमोर सिनेमातली माणसं नाचली, भांडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही तेच झालं. बाईंनी सिनेमा मधेच बंद केला आणि निकिताला फोन लावला.

झाला प्रकार ऐकून निकिता म्हणाली, "आत्या, तू त्यांना झापलंस."

"मी कौतुक केलं."

"हे कौतुक? दहावीच्या मार्कांवर मला काय म्हणाली होतीस आठवतंय? 'छान आहेत. पुढच्या वेळी पुस्तकंही उघडून बघ.' बाथरूममध्ये जाऊन रडले होते मी."

बाईंना ते आठवत नव्हतं. निकिताला मिळालेले मार्क मात्र आठवत होते, कारण त्यांनी त्या वेळी सबंध कचेरीला पेढे वाटले होते. त्या म्हणाल्या, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? निकिता म्हणाली, तुला कोण सांगणार? हे तिने हसत सांगितलं आणि लगेच आवाज बदलून विचारलं, "पण एक सांग. ते बाहेर का बसतात? आत बसवत नाहीस?"

बाई म्हणाल्या, रेंज जातेय. रेंज चांगली होती.

फोन ठेवला आणि त्यांना वडिलांचा रेडिओ आठवला. त्यांचे वडील माणदेशातल्या एका खेड्यातले. ते लहान असताना चावडीवर रेडिओ आला होता. गाव ओट्यावर बसून ऐकायचं आणि यांच्या वस्तीने चिंचेच्या पलीकडून ऐकायचं. वारा चावडीकडून आला तर बातम्या पुऱ्या ऐकू येत, उलटा फिरला की अर्ध्यात तुटत. आजोबांनी छप्पन्नच्या पुढे बौद्ध धम्म घेतला, वडील खडकीच्या कारखान्यात लागले आणि पहिल्या दिवाळीला त्यांनी काय आणलं तर रेडिओ. तो खोलीच्या मधोमध ठेवला. दार उघडं. चाळीतलं कुणीही, कुठल्याही जातीचं, बाहेर रेंगाळताना दिसलं की वडील उठून जात आणि दंडाला धरून आणत. "बाहेर उभं राहून ऐकायचं नाही. आत या, बसून ऐका." बाई त्या खोलीत वाढल्या होत्या. जयंतीच्या भाषणांत त्यांनी ही गोष्ट सांगितलीही होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि त्यांनी स्वतः काय केलं? टीव्ही दाराकडे वळवला आणि त्यालाच मोठेपणा समजल्या. बाईंना स्वतःची लाज वाटली. मघाशी त्या फक्त एका माणसाच्या हसण्यासाठी कासावीस होत्या. आता त्यांना तो माणूस दाराच्या आत हवा होता, आपल्या शेजारी, आपल्या इतक्याच उंचीच्या आसनावर बसून हसताना. तेवढं झालं नाही तर वडिलांनी आणि आपण आयुष्यभर केलं ते कशासाठी, असं त्यांना वाटलं.

पण कळलं म्हणून वळतं थोडंच? त्या उतरल्या, हिंदुरावांपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या लवकर निघू." तेवढंच.

पुण्यात आल्यावर हिंदुरावांनी गाडी सोसायटीत लावली, पुसली, किल्ली दिली आणि येतो म्हणाले. पुढच्या ट्रिपसाठी बाईंनी फोन केला तेव्हा त्यांना दुसरं काम लागलं होतं. त्याच्या पुढच्या वेळीही होतं. दुसरा एक ड्रायव्हर ते पाठवून देतो म्हणाले, पोरगा निर्व्यसनी आहे. बाईंना निर्व्यसनी पोरगा नको होता. त्या फ्लॅटमध्ये टीव्ही लावत आणि बंद करत. एक-दोनदा खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसल्या, दार उघडं ठेवून. समोर सोसायटीतल्या गायकवाडांची मोटरसायकल दिसे.

शेवटी एका सकाळी त्या रिक्षाने स्वारगेटला गेल्या. बसथांब्याच्या मागे ड्रायव्हर लोक उभे असतात तिथं हिंदुराव होते, हातात चहाचा कप, आजूबाजूला सात-आठ जण. वाटेत बाईंनी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यात कुठं टोमणा शिरत नाही ना, ते दोन-दोनदा तपासलं होतं. कोषागारातल्या बिलाला लावावी तशी नजर लावून. त्यांना बघून हिंदुरावांनी कप खाली ठेवला.

बाई म्हणाल्या, "हिंदुराव, माझी जीभ वाकडी आहे. तुम्ही त्या दिवशी हसलात ते मला फार आवडलं होतं. उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर पिक्चर बघायला या. आत बसून."

सात-आठ ड्रायव्हरांनी एकदम माना वळवल्या. एकाने दुसऱ्याकडे बघितलं. साठीच्या बाईने भर रस्त्यात असं आमंत्रण दिल्याचं स्वारगेटने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. बाईंचे कान तापले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. आयुष्यात इतकी सरळ वाक्यं त्या सलग बोलल्या नव्हत्या.

हिंदुराव म्हणाले, "व्हय, मॅडम. किती वाजता हजर होऊ?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी गाडी धुवून घेतली. बाकावर नवी चादर घातली, पलंगावरही तशीच घातली. टीव्ही पुन्हा आत वळवला, बाकाच्या दोन्ही टोकांना सारखा दिसेल असा. भजी तळली. सिनेमा निवडायला तासभर लागला. दोघांनीही न बघितलेला हवा, म्हणजे कुणाला आधीचं काही आठवायला नको. निकिताने फोनवर शपथेवर सांगितलं की हा बघून तिच्या ऑफिसातली माणसं खुर्चीवरून पडली होती.

हिंदुराव आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भांग पाडून. वॉचमनने त्यांना वहीत सही करायला लावली, त्यांनी केली. चपला पायरीखाली जोडून ठेवल्या. बाई म्हणाल्या, चपला घालून या, चालेल. ते म्हणाले, नगं. बाकाच्या अगदी कडेला बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. भज्यांची बशी दिली तर उभे राहून घेतली. बाई त्यांच्या शेजारी, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसल्या. इतक्या जवळून त्यांनी हिंदुरावांना कधी पाहिलं नव्हतं. कानाशी केस पांढरे झाले होते.

सिनेमा खरंच चांगला होता. सुरुवातीलाच एक नवरा बायकोच्या भीतीने स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरतो आणि शेजारी त्याला धरून बदडतात. बाई खुर्ची करकरण्याची वाट बघत होत्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की बाक करकरत नाही. त्यांनी डावीकडे मान वळवली.

हिंदुराव पडद्याकडे बघत नव्हते. ते बाईंकडे बघत होते.

बाईंना काय करावं कळेना. त्या हसल्या. त्या हसताच हिंदुरावही हसले, हळू, तोंडाशी हात धरून, आणि बाई थांबल्या तेव्हा थांबले. थोड्या वेळाने पुन्हा एक गमतीची जागा आली. हिंदुरावांनी तिरक्या नजरेने बघितलं, बाई हसल्या, मग ते हसले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाईंनी ते हसणं ओळखलं. हे हसणं त्यांनी पस्तीस वर्षं ऐकलं होतं. साहेबाने विनोद केला की टेबलापलीकडची माणसं असंच हसतात, साहेब सुरू झाल्यावर सुरू आणि साहेब थांबल्यावर बंद. त्या हसण्यावर विसंबूनच तर त्या स्वतःला विनोदी समजत आल्या होत्या.

मधे एकदा त्यांनी सांगून पाहिलं, अहो, तुम्ही माझ्याकडे बघू नका, मनमोकळं हसा. हिंदुराव म्हणाले, व्हय मॅडम, आणि मन लावून पडद्याकडे बघायला लागले. त्यानंतर ते प्रत्येक जागी हसले. विनोद होता तिथं हसले, नव्हता तिथंही हसले. नायकाची आई आजारी पडली तेव्हाही जरासे हसले, मग चूक कळून गप्प झाले आणि गुडघ्यावरचे हात घट्ट धरून बसले. त्या माणसाला आत्ता या क्षणी उठून घरी जायचं होतं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि तो जाणार नाही हेही दिसत होतं. मग त्या त्याच्यासाठी हसू लागल्या, मोठ्याने, म्हणजे त्याला कुठं हसायचं ते कळेल आणि जरा सोपं जाईल. बंद गाडीत दोघांचं हसणं घुमत होतं. वॉचमनने दोनदा काचेतून डोकावून पाहिलं.

सिनेमा संपला. हिंदुराव लगेच उठले, बशी विसळून ओट्यावर उपडी ठेवली. बाईंनी विचारलं, कसा वाटला?

"तुमास्नी आवडला न्हवं, मॅडम? मग झालं."

ते पायरी उतरले, चपला घातल्या आणि दाराबाहेर पार्किंगमधल्या दिव्याखाली उभे राहिले. जायची परवानगी मागावी तसे थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "उद्या यायचं का, मॅडम?"

बाई दारात उभ्या होत्या. हो म्हटलं तर तो हुकूम होणार आणि नाही म्हटलं तर त्यांना पुन्हा झापल्यासारखं होणार. यांच्या मधला एखादा शब्द असेल तर तो त्यांना हवा होता. त्या म्हणाल्या, "तुम्हाला यावंसं वाटलं तर या."

हिंदुराव गोंधळले. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत म्हणाले, "तसं न्हाय, मॅडम. तुमी काय त्ये सांगा, म्हंजी तसं करतो."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ते खरोखरच उत्तराची वाट बघत होते.

"या," बाई म्हणाल्या.

"बरं, मॅडम," म्हणून हिंदुराव गेटकडे गेले. तिथं वॉचमनने वही पुढे केली, त्यांनी जाण्याची सही केली आणि ते रस्त्याला लागले. बाई आत आल्या. हिंदुरावांच्या बाजूला बाकावरची चादर अगदी कडेलाच तेवढी चुरगळली होती, ती त्यांनी सारखी केली आणि दिवा बंद केला.